डोळे शेवटी

गौस पेंटरचा एकच कायदा :
आँखां आखिर में.
आधी केस, मग नखं, मग मागचा अंधार.
डोळे काढले की चित्र आपल्याकडं बघू लागतं, म्हणायचा,
मग हात कापतो लेका, मग रंग बसत नाही.

सेलूला गुलशन टॉकीजमागं, सरकीच्या गोदामाला टेकून
आमचं पत्र्याचं शेड.
मी बारा वर्षांचा. खळ शिजवायची,
ब्रश रॉकेलात बुडवायचे
आणि कंदिलाच्या काचेवरची काजळी
चाकूनं खरवडून वाटीत जमवायची.
दुकानातला काळा त्याला चालत नसे.
तो नुसता रंग हाय, म्हणायचा,
ह्याच्यात रात्र हाय.

हैदराबादेहून पेटी यायची, पेटीत रिळं.
पोस्टर कधी यायचं,
कधी पूर्णेलाच उतरून जायचं.
त्या शुक्रवारी आलं नाही.
काबराशेठ म्हणाले, भुताचा आहे, काहीतरी रंगव,
उद्या बाजार.
भूत कसलं? बाई का बुवा?
ते कुणाला ठाऊक. पेटीला सील.

रात्रभर तो कोऱ्या कापडासमोर बसून राहिला.
पहाटे काढलं ते एवढंच :
एक दार,
गल्लीत असतं तसं, खालची फळी कुजलेली,
कडी आतून काढलेली,
आणि फटीतून चार बोटं.
एका बोटात पितळी अंगठी,
दोरा गुंडाळून घट्ट केलेली.

आणि डोळे?
आज देखनेवाले के, म्हणाला,
आणि तिथंच खळीच्या डब्याला टेकून झोपला.

बाजार थबकला.
वालूरची एक बाई गाडीतून उतरून जवळ गेली,
अंगठीला बोट लावलं,
आणि मीठमिरची न घेताच माघारी फिरली.
कासाराच्या धोंडूनं शपथ घेतली, दार आमचंच.
कंपाउंडर सोनटक्के आठवडाभर
स्टेशनला लांबून वळसा घालून जात होते.
सिनेमा निघाला वटवाघळांचा.
लोकांनी खुर्च्या फाडल्या.
बाहेरची बाई आत कुठाय म्हणे,
पैसे वापस द्या.

पुढच्या शुक्रवारी देवीचा सिनेमा.
कापड तेच. त्यावर पांढरा मारायचा, पुन्हा रंगवायचं.
गौसनं देवी काढली, सिंह काढला,
सिंह जरा काबराशेठसारखा झाला, पण चाललं.
मे महिना. दुपारी पत्रा वाजायचा.
तिसऱ्या दिवशी पांढरा तडकला
आणि देवीच्या पदराखालून
ती चार बोटं वर आली.
बायांनी खाली ओट्या भरल्या, नारळ फोडले.
गौस काही बोलला नाही.
पंधरा दिवस आम्ही खोबरं खाल्लं.

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
मी फ्लेक्स छापतो.
चौकात एका खांबावर वाढदिवसाचे अठरा चेहरे,
गॉगल लावलेले, हात जोडलेले,
रात्री दुकान बंद करून निघालो
की अठराही माझ्याकडं बघतात.
मशीनमधला काळा छान येतो.
एका बटणात येतो.

ते कापड मात्र मी ठेवलंय.
उन्हाळ्यात कूलरवर टाकतो.
थर सुटत चाललेत, सिनेमाखाली सिनेमा,
सिंहाचं शेपूट गेलं, कुण्या हिरोचा कान वर आला,
बोटं तशीच.

परवा नात विचारत होती,
आबा, या मावशीची अंगठी सैल का झाली?

चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.
गौसच्या घरी कोण कोण होतं
तेही मी कधी विचारलं नाही.
त्यानं रोज डबा आणला नव्हता एवढं आठवतं,
भजे मागवायचा, अर्धे मला द्यायचा.

बोटं बारीक झाली असतील, मी म्हणालो.

कुणाची, ती म्हणाली.