शेवटचा संपर्क

खारघरच्या डोंगराकडे पाठ करून माझं टेबल आहे.
समोर एकशे बेचाळीस माणसं, एका तक्त्यात.
वय. निदानाची तारीख. मगजातल्या कच्च्या पेशी किती.
सात नंबरचं गुणसूत्र जागेवर आहे की हरवलंय.
रक्ताच्या किती पिशव्या चढल्या,
त्यातलं किती लोखंड यकृतात साचून राहिलं.
डॉक्टर म्हणतात, यातला कोणता रकाना माणसाला तारतो
आणि कोणता बुडवतो, ते शोधायचंय.
मी शोधत नाही. मी भरते.

शेवटचा रकाना फोनवर भरायचा असतो.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चहाच्या आधी.
चहानंतर जमत नाही, का ते विचारू नका.

जिवंत आहेत का, असं विचारता येत नाही कुणाला.
मी म्हणते, "तब्येत काय म्हणते?"
आणि कान क्रियापदावर ठेवते.
आहेत.
होते.
कुणी क्रियापदच गाळतं:
"बाबांचं... तुम्हाला कळवायचं राहिलंच, ताई."
मग तारीख कशी मागायची?
मागते.
कळंबोलीच्या एका बाईंनी तारीख नाही, तिथी सांगितली.
कालनिर्णय उलटं चाळत मी ती वद्य नवमी
इंग्रजी आकड्यांत बसवली.

जे फोन उचलत नाहीत
ते आलेखावर एक बारीक उभी रेघ होतात.
मेले असं नाही. आहेत असंही नाही.
उतरत्या पायरीवर कुणी नखानं ओरखडावं, तेवढीच.
त्यातली एक रेघ घणसोलीच्या सुरेखाची.
तिच्या प्लेटलेट्स अठ्ठावीस हजारांवर कधी गेल्या नाहीत.
बिलाच्या रांगेतून ती माझ्या खिडकीशी यायची,
"ताई, तुमच्या कॉम्प्युटरात मी कितव्या ओळीत?"
सत्तेचाळीस.

गव्हाणचे बामा कडू, ओळ एकशे नऊ.
वाईट पेशी साडेबारा टक्के, असं ऐकल्यावर
ते खुर्चीत हसलेच.
"साडेबारा टक्क्यांसाठी आमच्या बापानं चपला झिजवल्या,
तुम्ही एका सुईत काढून दिले!"
त्याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
धाकट्या रघुनाथशी पनवेल कोर्टात दावा,
अकरा वर्षं एका अंगणात पाठीला पाठ.
तपासणीत दोघे जुळले, दहापैकी दहा.
रघुनाथच्या दंडातून पेशी काढल्या
त्याच दिवशी दाव्याची तारीख होती.
वकिलांनी पुढची घेतली.

आता बामांचा रक्तगट बदललाय.
बी होता, ओ झाला, धाकट्याचा.
दावा चालू आहे.

याला रकाना नाही.
तापाच्या रात्री टेम्पो कुणी काढला, याला नाही.
कामोठ्याच्या खोलीत शंभर दिवस
वहिनी आणि जाऊ एकाच स्टोव्हवर
पाणी उकळून गार करत बसल्या, त्यालाही नाही.

आज फोन लावला. उचलला रघुनाथनं.
थोरल्याचा फोन धाकट्याच्या हातात.
"बामादादा आहेत?"
"दादा गेलाय."
मी पेन उचललं. तारीख विचारायला तोंड उघडलं
तोच तो हळू आवाजात म्हणाला,
"खारीन. चिंबोऱ्या पकराला.
डागदरला नको सांगू."

चिखल, खारं पाणी, उघडी पावलं.
सगळ्याची मनाई आहे त्यांना अजून सहा महिने.
मी ओरडायला हवं होतं.
हातमोजे तरी घातलेत का, एवढंच विचारलं.
तो हसला, म्हणजे नाही.

लिहिलं: जिवंत.
शेवटचा संपर्क: आजची तारीख.
माहिती कुणी दिली, याला चारच पर्याय.
रुग्ण, जोडीदार, अपत्य, इतर.
"इतर"वर टिचकी मारली.

तेवढ्यात चहा आला. प्यायले.
आणि सत्तेचाळीस ओळीचा नंबर
पुन्हा एकदा लावला.