गौरवधन

तांदूळ आहेत. चार पोती,
एक उंदरानं कुरतडलेलं.
डाळ नाही, तेल तळाला, सिलिंडर हलवून बघायचा.
आणि माझे नि रेणुकाक्काचे पाच महिन्यांचे पैसे,
ज्यांना कागदावर पगार म्हणत नाहीत,
गौरवधन म्हणतात.
गौरव पोचला. धन यायचंय.

खानापुराहून बेळगाव कितीसं लांब?
तिथं सौधाला रोषणाई आहे, अधिवेशन आहे,
दुभाजकाला नवा रंग, लॉजात खोली मिळेना.
हे म्हणतात, आधी तुम्ही खाली बसा.
ते म्हणतात, आधी तुम्ही शब्द मागे घ्या.
रात्री बारापर्यंत ताणतात
आमच्या डाळीचं एक टोक धरून,
आणि सकाळी दोघांच्याही गाड्या
एकाच दुकानासमोर, कुंदा बांधून घ्यायला.

पोरंही खेळतात की हा खेळ रांगेत:
डोळ्यांत डोळे घालायचे, पापणी मिटली की हार.
चौथीतला भैरू लोहार कुणाला ऐकत नाही.
पण घंटा झाली की तोही ताट घेऊन पळतो.
भात निवतो, एवढं त्याला कळतं.

घाडी सर म्हणाले, तुम्हीच जाऊन बघा एकदा.
गेले. हडपद क्लार्क, माणूस बरा,
बसा म्हणतो, पंखा लावतो,
पडद्याकडं बघतो आणि हळूच म्हणतो,
नाळे बन्नी.

लहानपणी आमच्या गल्लीत
रात्री दारं वाजवत एक भूत फिरायचं.
लोक चुन्यानं दारावर लिहायचे, नाळे बा.
ते वाचायचं, मुकाट परत जायचं,
दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा तेच वाचायचं.
आईला दोन्ही अक्षरं येत नव्हती.
तिनं शेजारच्या बसव्वाकडून कानडीत लिहून घेतलं
आणि खाली माझ्याकडून, उद्या ये.
भूत कुठल्या शाळेत गेलेलं, कुणाला ठाऊक.

काल ऑफिसची पायरी उतरताना
मागं वळून दाराकडं बघितलं.
चुना नव्हता. ऑइलपेंट होता, नवा.

उद्या नुसता भात, मीठ घालून.
परवाचं परवा.

भूत कधी चिडलं नाही, असं आई सांगायची.
तिनं विचारलं होतं का त्याला?