डावीकडे ओढतो

गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या तळघरात,
राडिमनं पिशवीतून रणगाडा काढला
आणि मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं :
फरशीला उतार आहे.

ओस्त्रावाच्या ट्राम डेपोत मी एकतीस वर्षं काढली.
तिथंही प्रत्येक ड्रायव्हरचं अंगण वाकडंच असायचं.
म्हटलं, ठेव खाली. चालव.
दोन फरश्या सरळ गेला,
मग हळूहळू डावीकडे,
दुकानाच्या काचेकडे पोर ओढ घेतं तसा.

उलटा केला. पोट वर, पट्टे हवेत.
दोन्ही सारखेच पळाले.
बघा, बरा आहे, राडिम म्हणाला.
हवेत सगळेच बरे असतात रे.
जमिनीला पाय लागले की कळतं.

ओल्द्रिख कोपऱ्यातल्या खुर्चीत होता.
तो बघत नाही, ऐकतो.
सक्तीच्या लष्करी नोकरीत दोन वर्षं
खरा चालवलाय त्यानं, छत्तीस टनांचा,
आणि त्यातलं एवढंच सांगतो :
बीटच्या शेतात पट्टा उतरला,
चौघांनी रात्रभर पहारी लावून चढवला,
सकाळी शेतातल्या बाईनं पाव दिला आणि शिव्या दिल्या.
शिव्या बरोबर होत्या, म्हणतो.

"तारा बदल," तो म्हणाला.
डावीची उजवीला, उजवीची डावीला.
रिमोट आता उलटा वळवेल, घाबरू नकोस.
दुखणं तारेबरोबर गेलं तर वरचं,
जागेवर राहिलं तर खालचं.

राहिलं. डावीकडेच.
म्हणजे नव्या रिमोटसाठी राडिमनं
तीन महिने साठवलेले पैसे वाचले.
त्याला याचं वाईटच वाटलं.

पिन काढली, पट्टा टेबलावर सैल पडला.
चाकं एकेक करून बोटानं फिरवली.
पहिलं फिरलं, दुसरं फिरलं,
तिसरं कुरकुरलं.
आसाभोवती गालिच्याचा राखाडी धागा,
सुईनं सोडवावा लागला, वितीएवढा निघाला.
आणि दातेरी चाकाचा बारका स्क्रू ढिला :
मोटर फिरे, आस फिरे,
चाक फिरे ते त्याच्या मर्जीनं.

पट्टा परत चढवला तर ओल्द्रिखनं टिचकी मारली.
"हा वाजतोय. वाजायला नको. कुणी ताणला?"
राडिम बुटांकडे बघत राहिला.
उतरू नये म्हणून, म्हणाला.
"लोंबू दे जरा. दुसऱ्या चाकाच्या डोक्याला
जेमतेम टेकेल एवढा.
सैल उतरतो, घट्ट मोटर खातो."
आणि एलन की माझ्याकडे दिली,
कारण त्याच्या हातात ती स्क्रूभोवती नाचते,
आत जात नाही. दोन वर्षं झाली.
पाव फेरा, तो म्हणतो. अजून थोडा. बास.
हात माझे, कान त्याचे.

बाहेर बर्फ होतं.
खाणीच्या राखेच्या टेकडीवर तेवढं टिकत नाही,
ती आतून अजून गरम आहे.

चहा आणायला ओल्द्रिख उठला,
डावा पाय फरशीवर घासत.
राडिमनं नीट पाहिलं
आणि अकरा वर्षांच्या माणसाच्या गांभीर्यानं विचारलं :
तुम्हाला उलटं धरून बघितलंय का कुणी?

मी पाना शोधू लागले. पाना हातातच होता.
ओल्द्रिख हसला, इतका की लिंडनचा चहा बशीत,
बशीतून बाहीवर.
"डॉक्टर तेच करतात दर महिन्याला," म्हणाला.
"कुठली तार कुठं, तेच सापडत नाही त्यांना."

मग रणगाडा निघाला.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
फरशीची एक रेघ धरून, एकदाही न सोडता.
राडिम श्वास घ्यायचा विसरला.
भिंतीशी पोचल्यावर त्यानं तो
जागच्या जागी गर्रकन फिरवला
आणि उजवा पट्टा उतरला.
उजवा. ज्याला आम्ही हातही लावला नव्हता.

फरशी, राडिम म्हणाला.

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो.
ओल्द्रिखला बसायला जरा वेळ लागला,
तोवर मी पिन शोधत असल्याचं सोंग केलं.