हँडल

पलूसला आमच्या घरामागं, पत्र्याखाली
पाच हॉर्सपॉवरचं एक इंजिन
नऊ वर्षं मुकं बसलं होतं.
आवटींच्या गिरणीतलं. गिरणी विजेवर गेली
तेव्हा भंगाराच्या भावानं, किलोवर,
नेमगोंडा मगदूम यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आणलं
आणि आईनं आठ दिवस अबोला धरला.

खोललं तेव्हा आधी पीठ निघालं.
शाळूचं. तेलात मुरून, आटून
काळ्या वडीसारखं सांदीसांदीला बसलेलं.
चाक खरवडायला घेतलं, तर हिरव्याखाली लाल,
लालखाली पुन्हा हिरवा,
आणि दर दोन रंगांच्या मधे
कुठल्या तरी खंडेनवमीचं कुंकू.
दादा म्हणाले, एवढं असू दे.
वीतभर जागा मी तशीच ठेवली.

पिस्टन जाम.
बारा दिवस रॉकेल पाजलं.
तेराव्या दिवशी बाभळीचा ठोकळा ठेवून, हलक्या हातानं
("बसलेल्या म्हशीला उठवतो तसं, मारायचं न्हाई")
आणि ते केसभर सरकलं.
त्या केसभरावर
आम्ही दोघं दोन-दोन कप चहा प्यालो.

लायनर मिरजेला, दस्तगीर शिकलगारांच्या लेथवर.
त्यांनी आत नुसतं बोट फिरवलं.
"वरच्या अंगाला आठ थाऊ खाल्लंय."
मायक्रोमीटर म्हणाला, नऊ.
"त्याला थंडी वाजतीया," दस्तगीरभाई म्हणाले.

भांडण झालं ते हँडलवरनं.
दादांचं उजवं मनगट असल्याच एका इंजिनानं
उलटा झटका देऊन मोडलेलं,
वाकडंच जुळलेलं.
पेला धरला की पाणी एका कडेला येतं.
मी जुन्या जीपचा स्टार्टर आणला,
चाकावर बसवायला दात्यांची कडी आणली.
ते काहीच बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.
रात्री उठून बघते तर पत्र्याखाली दिवा,
आणि ते कडीवर बोट ठेवून दाते मोजतायत.
"एकशे अठ्ठावीस," म्हणाले.
"बसव. पण हँडलची खुंटी कापायची न्हाई."

मार्गशीर्षातल्या एका रविवारी बटण दाबलं.
चाक पाव फेरा वळलं आणि बॅटरी बसली.
पुन्हा दाबलं. नुसतं टक्.
दादांनी मला बाजूला केलं नाही,
हँडल माझ्या हातात दिलं.
"अंगठा वळवू नको, बोटांच्या अंगालाच ठेव.
उलटलं तर हात सुटला पायजे."
आणि स्वतः वरच्या खटक्यापाशी उभे राहिले.
फिरव. अजून. अजून थोडं.
आता ते तुला वढंल.
खटका पाडला.

धूर. मग काहीच नाही.
मग एक ठोका,
आणि पुढचा इतक्या उशिरानं
की मधल्या मधे कुणाला तरी हाक मारून व्हावी.

आई परसात आली. हातात उलथनं.
लहानपणी दळणाच्या रांगेत थांबायची
तशी थांबली, डब्याशिवाय.
दादांनी लांब पेचकसाचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
बराच वेळ.
"डाव्या अंगाला जरा बोलतंय," म्हणाले.

स्टार्टर आहे अजून. नवी बॅटरी घातल्यापासून चालतो.
पाहुणे आले की मी बटण दाबते.
एरवी
अंगठा बाहेर.