मागचा आवाज

रुवीत, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. खल्फान म्हणतो, तात्पुरते;
सहा वर्षं झाली.
बाहेर सेहेचाळीस अंश, आत एसी बंद,
कारण माइक त्याचंही म्हणणं ऐकून घेतो.

काम दुक्मच्या गोदीचं:
गॅस सुटला तर काय करायचं, पाच भाषांत.
मागे कंप्रेसर, ग्राइंडर, क्रेनचा भोंगा,
वाऱ्याचा सलग पट्टा,
आणि या सगळ्यातून माणसाचं एक वाक्य
पोचलं पाहिजे
हेल्मेटच्या आत, कानातल्या बोळ्याच्याही आत.

खल्फान म्हणतो, वाढव. अजून वाढव.
मी म्हणतो, वाढवून काही होत नाही.
पंगतीत उशिरा आलेल्याला
मांडी आवरून जागा देतात, तसं
कंप्रेसरला थोडं सरकवायचं,
ग्राइंडरचा मधला चरा कापायचा.
दोन हजार ते चार हजारांच्या मध्ये
राहतात माणसाचे क, च, ट, त.
तेवढा ओटा सारवून मोकळा ठेवायचा.
शाजी मल्याळममध्ये म्हणाला, थांबा,
आणि क्रेन आपोआप खाली वाकली.
मोफिजुलच्या बंगालीत वारा फार मऊ होता,
त्याला तीन डीबी दिले.

हे मला कोणी शिकवलं नाही, असं मी इथे सांगतो.
खोटं आहे ते.
इचलकरंजीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग,
भिंतीपलीकडे मुरदंड्यांचे आठ,
आणि अण्णा पाठमोरे चहा पिता पिता म्हणायचे,
"तिसऱ्यावरचा धागा तुटला."
बारा धोट्यांच्या खटाखटीत
त्यांना न झालेला आवाज ऐकू यायचा.
आई मात्र जन्मभर ओरडूनच बोलली.
"मीठ दे" सुद्धा नदीपलीकडून आल्यासारखं.
मागचा आवाज, मागाचा आवाज:
शाळेत तो काना मी नेहमी विसरायचो,
कांबळे बाई लाल शाईने देऊन टाकायच्या.

आज दुपारची अजान संपेपर्यंत रेकॉर्डिंग थांबलेलं.
हेडफोन काढले नव्हते.
आईचा निरोप आला, एकेचाळीस सेकंदांचा:
"आमी बेस हाय. अण्णांचं बीपी गप हाय.
पैशे पोचले. तू येळंवर जेव."

इतका स्वच्छ आवाज
मी सहा वर्षांत एकदाही बनवला नव्हता.
प्रत्येक व्यंजन आपल्या पाटावर.
काही सरकवायला नको,
काही कापायला नको.

परत लावला.
तिची वाक्यं खाली नेली, मधल्या फटी वर.
सहा डीबी. बारा. अठरा.
लांब कुणाचा तरी कुकर. कावळा.
घड्याळ.
आमच्या घरात घड्याळ वाजतं
हे कळायला मला अडतीस वर्षं लागली.
अजून वर.
मग नुसती सळसळ, फोनची स्वतःची,
आणि तिच्या त्या मोकळ्या शेडमध्ये
आई ओरडून बोलतेय
सवयीने.

काचेवर टिचकी. खल्फान विचारतोय, सुरू करू या?
मी बोट वर केलं: एक मिनिट.
घरी एक ओळ टाकली.
माग किलोवर दिले का नगावर?

नावाखाली "रेकॉर्ड करत आहे" असं आलं.
गेलं.
परत आलं. बराच वेळ राहिलं.
गेलं.

शाजी पुन्हा माइकसमोर उभा राहिला.
थांबा. वारा येतो त्या दिशेला चाला.
मोजणीला उभे राहा. कोण नाही ते सांगा.
क्रेन वाकली, भोंगा वाकला,
शब्द न अडखळता पार गेले.
कंप्रेसर मी थोडासा राहू दिला.

"तो पूर्णच काढ ना," खल्फान म्हणाला.
नको, म्हटलं.
चालू आहे, एवढं तरी कळू दे.