खडूने आखलेली जागा

दत्तवाडीत, जिथे पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त होत,
त्या शेडचं भाडं तीन आठवड्यांचं आगाऊ दिलंय.
भिंतींना अजून आम्लाचा वास,
आणि दाराशी कुणीतरी खिळ्याने कोरलेलं: उधारी बंद.
संघमित्रा म्हणाली, हे राहू दे. हे पहिलं शिल्प.

आम्ही पाच जण, खडूचा एक तुकडा.
भार्गवने जमीन आखायला घेतली
वाटणीला तलाठी यावा तशी:
तू इथे, तू खिडकीपाशी, मधून माणसं जाणार.
माणसं म्हणजे किती? साठ धर.
त्यातले आपलेच आईबाप दहा.

ओजसचा बांबू सव्वाअकरा फूट, छत अकरा.
तीन इंच कुठून कमी करायचे, खालून की वरून,
ह्यावर चहा दोनदा झाला.
तस्नीमने जलपर्णीची मुळं विणलीत तांब्याच्या तारेत,
मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून किलोने घेतलेल्या.
ती टांगायची की पसरायची, तिला ठाऊक नाही,
विचारलं तर चिडते.
संघमित्राच्या कौशीच्या शेंगा,
वेताळ टेकडीवर बघून बघून मातीत केलेल्या:
नऊ भाजल्या, चार तडकल्या.
तडकलेल्याच मांडणार म्हणते,
झाडावरच्या तरी कुठे मिटलेल्या राहतात?

माझा दगड. काळा, वाघोलीच्या खाणीतला.
उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं, पाटा करणार का?
दोन महिने छिन्नी चालवून
त्यातून आतापर्यंत निघालीय ती धूळ.
पण उभा करायचा, एवढं ठरलेलं.
बुडाला भोक पाडून घेतलंय, बारा मिलीच्या गजासाठी.

नावावरून भांडण झालं.
'निसर्ग' नको, भार्गव म्हणाला,
त्या नावाने लोक प्लॅस्टिकच्या कुंड्या विकतात.
'मुळाशी' नको. 'माती' तर नकोच.
मी वहीत लिहीत गेले, खोडत गेले.
गुरुवारी उद्घाटन नको, गुरुवारी लाईट जाते,
हे तेवढं एकमताने.

तेव्हा ती आली.
दोऱ्याएवढ्या कंबरेची, पिवळ्या पायांची कुंभारीण.
आमच्या भिजवलेल्या मातीच्या टबावर बसली,
मोहरीएवढा गोळा उचलला
कुणाला न विचारता,
आणि सरळ माझ्या आडव्या दगडाच्या भोकात शिरली.
बाहेर. पुन्हा टब. पुन्हा गोळा.
आत भिंत थापताना गुणगुणायची,
दगडावर हात ठेवला की तळव्याला लागायचं.
दोन महिन्यांत हा दगड माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

ओजस म्हणाला, काडीने काढ.
काडी कुणीच शोधली नाही, त्यानेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत तोंड लिंपून झालं.
आत काय ठेवलंय ते तस्नीमला माहीत होतं:
डंख मारून लुळे केलेले कोळी, जिवंत, एकावर एक,
अंडं फुटलं की अळीला खायला.
सगळे गप्प.
हे काही निमंत्रणपत्रिकेवर छापता येणार नाही.

आता दगड आडवाच राहणार,
म्हणजे त्याला दोन चौकोन लागणार,
म्हणजे भार्गवचं सिमेंटचं वारूळ खिडकीकडे,
आणि बांबू तिरका.
तिरका केला की छताला लागत नाही,
हे काल दिवसभर कुणाला सुचलं नव्हतं.

भार्गवने चपलेनेच खडू पुसला, पुन्हा वाकला.
मी हिशेबाच्या पानावर
पेडस्टल पाचाचे चार केले,
गज, नग एक, खोडला,
आणि दांडेकर पुलाजवळच्या वेल्डरला फोन लावला.
तो म्हणाला, कापून झालाय, पैसे द्यावे लागतील.
बरोबर आहे, म्हटलं. देते.

निघताना टबावर ओलं गोणपाट टाकलं,
आणि एका कडेला
बोटभर उघडं ठेवलं.