दोन वर्षांची हमी

नवी पेठेत इरप्पा म्हणाला,
"घ्या सर, निम्म्या किमतीत थर्मल दुर्बीण.
अंधारात ऊब दिसते."
डब्यावर दोन वर्षांची हमी,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
दुरुस्ती परदेशात, पाठवणी ग्राहकाच्या खर्चाने.
बिघडली तर?
त्यानं वर पंख्याकडे पाहिलं.
"मग बघू की."

मला नान्नजच्या माळावर लांडगे मोजायचेत.
पुण्यात महागातली मिळते,
तिथं फोन उचलतात म्हणे.
किंमत: माझे चार पगार.

परतताना येमूलांच्या कारखान्यात थांबलो.
बत्तीस वर्षांचा माग, कंपनी कधीच बुडालेली,
चादर अजून निघतेय.
पाना फिरवत अंबादास ओरडला, खडखडाटाच्या वर,
"हमीचं काय घेऊन बसलाव!
सुटा भाग मिळतो का, ते विचारा."

विचारलं नाही.
घेतली. स्वस्तातली.

काल रात्री माळावर
एक मादी, मागं तीन पांढरे ठिपके,
आणि चौथा, जागचा हलेना.
पिल्लू असेल. आजारी असेल.
श्वास धरून बसलो
मादी परत येईल म्हणून.
ती टेकाडापल्याड गेली.

मान अवघडली तेव्हा
दुर्बीण आभाळाकडे वळली.
ठिपका तिथंही होता.

हायसं वाटलं आधी.
मग खिशात पावती चाचपली.